दीवची ‘खुकरी’ ती नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर दीवला जाऊन आलो. तिथे ‘आयएनएस खुकरी’ पाहायला ठेवली आहे. तिच्यासमोर उभं राहून आमच्यातल्याच एकांनी नातवाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “हीच ती, एकाहत्तरच्या लढाईत बुडालेली!” बुडालेली बोट वर काढून, रंग देऊन ठेवली असा त्यांचा समज. दोन दिवसांनी हेच फोटोसकट आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. म्हणून हे पत्र.

दीवला आहे ती दुसरी खुकरी. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. 1989 मध्ये नौदलात आली, 32 वर्षं सेवा करून डिसेंबर 2021 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या प्रजासत्ताकदिनी दीव प्रशासनाकडे सोपवली गेली. एकाहत्तरला बुडालेली जुनी खुकरी ही फ्रिगेट, म्हणजे राखणीची युद्धनौका; ती दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर तळाशीच आहे. तिच्याबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यांचं स्मारक टेकडीवर आहे, तिथे काचेत जुन्या बोटीची प्रतिकृती आहे. आमची बस तिथे दहा मिनिटं थांबली, त्यातली पाच चहात गेली.

मी नेव्हल डॉकयार्डात फिटर होतो, त्यामुळे बोटींचं वेड जुनं. पहिली खुकरी इंग्लंडमध्ये काउजला बांधली, 1958 मध्ये आपल्याकडे आली. ब्लॅकवुड वर्गातली. रशियाशी युद्ध पेटलं तर पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांचे काफिले राखायला पुष्कळ फ्रिगेटी लागतील, या हिशेबाने ब्रिटिशांनी हा स्वस्तातला नमुना काढला होता. छोटी बोट, तिला पुढे ढकलणारा एकच पंखा, 40 मिलिमीटरच्या तीन बोफोर्स तोफा आणि पाणबुडीसाठी ‘लिंबो’ नावाच्या दोन उखळी तोफा. भारताने अशा तीन घेतल्या आणि तिघींना पात्यांचीच नावं दिली: खुकरी, कृपाण, कुठार. 1961 च्या गोवा मुक्तीच्या वेळी विमानवाहू ‘विक्रांत’भोवती राखण करणाऱ्या ताफ्यात या तिघी होत्या. राखण हेच त्यांचं काम.

1971 मध्ये मात्र त्यांना शिकारीला धाडलं. दीवच्या नैर्ऋत्येला पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला होता. कुठार बॉयलरच्या बिघाडाने मुंबईत अडकलेली, म्हणून खुकरी आणि कृपाण दोघीच गेल्या. समोर होती फ्रेंच बनावटीची, अगदी नवी ‘हंगोर’. लिंबोचा मारा जेमतेम 900 मीटर, हंगोरचे टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून सुटणारे स्फोटक बाण, कितीतरी दुरून येणारे. त्यात खुकरीवर सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, पल्ला वाढवणाऱ्या एका उपकरणाची चाचणी चाललेली, त्यासाठी वेग कमी ठेवलेला. हे बरोबर होतं का, यावर नौदलातली जाणती माणसंही एकमेकांशी वाद घालत आली आहेत. मला विचाराल तर पाणबुडीच्या टापूत बोट संथ चालवणं पटत नाही. पण मी फिटर, कप्तान नव्हे.

9 डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास पहिला टॉर्पेडो कृपाणवर सुटला, तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत ती गेली. कृपाणला तिथून निसटावं लागलं. सकाळी नौदलाची ‘कछल’ ही बोट आल्यावर मदतकार्य झालं. वाचले 67.

खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. हे दरवर्षी छापून येतं, यावंच. पण आखूड पल्ल्याच्या बोटी अशा पाणबुडीवर का धाडाव्या लागल्या, तेही त्याच लेखात आलं पाहिजे. कृपाण आणि कुठार तर कुणाला आठवतही नाहीत. 1978 मध्ये तटरक्षक दल उभं राहिलं ते याच दोघींना घेऊन.

येत्या 9 डिसेंबरला आपण काही छापणार असाल तर फोटो जुन्या बोटीचा निवडावा, ही विनंती. ओळखायला सोपं आहे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, तोफ दिसली, तर ती नवी. जुनीचं नाळेकडचं डेक मोकळं, तिच्या उखळी तोफा मागच्या बाजूला. आणि हंगोर कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे. ती मात्र तीच.

आपला,
एक निवृत्त डॉकयार्ड कामगार, मुंबई