एक ओळ टाइप करा म्हटलं, एवढंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या 3 डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच शुभेच्छा आल्या. माझ्या फोनने त्या वाचल्या : 'फोटो'. बस, एवढंच. शुभेच्छा चित्रात लिहिलेल्या होत्या आणि चित्रातली अक्षरं माझा फोन आपणहून वाचत नाही. ज्यांच्यासाठी दिवस, त्यातल्या माझ्यासारख्याला त्या शुभेच्छा काय आहेत ते बायकोला विचारावं लागलं. ती म्हणाली, "कमळ आहे, दिवा आहे, आणि खाली सुविचार आहे." मी हसलो. तेव्हा हसू येत होतं, कारण त्याआधीच्या मे महिन्यात जे झालं त्यातून मी बऱ्यापैकी सावरलो होतो. त्याबद्दलच हे पत्र आहे.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डोळ्याच्या पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जातात, बहुधा कडेकडून आत. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं. तिशीत मला संध्याकाळनंतर स्कूटर चालवणं सोडावं लागलं. आता साठी उलटली आहे, आणि मधोमध एक अरुंद, धुरकट खिडकी उरली आहे. दिवसाउजेडी समोरच्याचा चेहरा ओळखतो, पण पायाजवळची पायरी दिसत नाही. अक्षरं तर जवळपास संपलीच. फोन मी टॉकबॅक लावून वापरतो. बोट जिथे फिरेल तिथलं तो बोलून दाखवतो.

मे महिन्यात टाकी साफ करायची म्हणून एक दिवस पाणी बंद राहणार होतं. सूचना ग्रुपवर आली, हाताने लिहिलेल्या कागदाचा तिरपा फोटो काढून. बायको माहेरी गेली होती. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या घरात, मी अंगाला साबण लावून उभा आणि नळातून नुसती हवा. टॉवेलने साबण पुसत बाहेर आलो आणि ग्रुपवर लिहिलं की, नोटीसचा फोटो टाकता तेव्हा त्याखाली एक ओळ टाइप करत जावी, मला ऐकता येईल. नम्रपणेच लिहिलं होतं. तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढल्यावर माणसाला नम्रपणाच तेवढा येतो.

पहिलं उत्तर आलं, "एका माणसासाठी सगळ्यांनी काऊन टायपिंग करत बसावं?" दुसरं आलं, "दिसत नाही तर हे कोणी टाइप करून राह्यलं?" त्यापुढे हसण्याची चिन्हं. तिसऱ्याने सल्ला दिला की वहिनींकडून वाचून घेत जा. चौथा म्हणाला, फोटो वाचणारी ॲप निघाली आहेत, ती वापरा. हा चौथा अगदीच चुकीचा नव्हता. ती ॲप मी वापरतो. छापील कागद सरळ धरलेला असेल तर ती बरं काम करतात. बॉलपेनने घाईत लिहिलेल्या, सुरकुतलेल्या, वर पंख्याची सावली पडलेल्या मराठी कागदाचं ती काय करतात ते ऐकाल तर करमणूक होईल.

मग प्रकरण घसरलं. 2024 मध्ये बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या राज्यभर गाजल्या होत्या, त्या कोणाला तरी आठवल्या. "यूडीआयडी कार्ड टाका ग्रुपवर, मग बोलू." म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. एकाने लिहिलं की, मला सीताबर्डीला मेट्रोतून एकट्याने उतरताना त्याने स्वतः पाहिलं आहे. पाहिलं असेल. मी उतरतोच. डब्यात स्टेशनचं नाव मोठ्याने सांगतात, फलाटावर पायाला कळणाऱ्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या आहेत, लिफ्ट आहे. म्हणून तर उतरू शकतो. गंमत बघा, जिथे सोय नीट केलेली असते तिथे मी धडधाकट दिसतो आणि लबाड ठरतो, आणि जिथे ती नसते तिथे धडपडतो आणि बिचारा ठरतो. अल्पदृष्टी नावाचा प्रकार कायद्यात कालपरवा आलेला नाही, 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांतही तो होता. 2016 च्या कायद्यात एकूण प्रकार 21 झाले. पण लोकांच्या डोक्यात आंधळा म्हणजे काळा चष्मा आणि मिट्ट अंधार, यामधलं काही नाही.

डोळस वाचकांच्या कदाचित ध्यानात येणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. कुत्सित मजकूर तुम्हाला नजर फिरवून टाळता येतो. पहिल्या दोन शब्दांत अंदाज येतो आणि अंगठा पुढे सरकतो. मला तो कानात आल्यावरच कळतो. शिवाय तो यंत्राच्या सपाट आवाजात येतो. त्या आवाजाला राग नाही, खोडी नाही, लाज नाही. 'उद्या कचरागाडी लवकर येईल' आणि 'हा माणूस नाटक करतो' ही दोन्ही वाक्यं तो एकाच सुरात वाचतो. हसण्याच्या चिन्हांचीही नावं वाचतो : आनंदाश्रू आलेला चेहरा, आनंदाश्रू आलेला चेहरा. त्या रात्री मी हे ऐकत बसलो होतो, एकटाच.

आणि त्या रात्री अकरा वाजता मीही चुकलो. लिहिलं, "देव करो आणि तुमच्यावरही ही वेळ येवो." पाठवलं आणि झोपलो. सकाळी तेच वाक्य फोनने मला परत वाचून दाखवलं. अंधत्व म्हणजे शिक्षा नाही, शाप नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, आणि राग आल्यावर शाप म्हणून नेमकं तेच हातात घेतलं. ग्रुपवर माफी मागितली. त्यावर कोणी काही बोललं नाही. एकाने अंगठा दिला, तो माफीला होता की आधीच्या वाक्याला, कोण जाणे.

तेव्हापासून रात्री नऊनंतर मी ग्रुप उघडत नाही. उत्तर द्यायचंच असेल तर ते आधी फोनच्या वहीत लिहितो, सकाळी चहा घेताना ऐकतो, आणि बहुतेक वेळा पुसून टाकतो. एका विषयावर एकदाच बोलतो. वाईट काही आलं तर लोक सांगतात, स्क्रीनशॉट ठेवा. पण स्क्रीनशॉट म्हणजे पुन्हा फोटोच! माझ्याविरुद्ध लिहिलेल्याचा पुरावा मलाच वाचता यायचा नाही. त्यापेक्षा चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावी, ती साध्या मजकुराची फाइल निघते. ज्यांना गरज पडेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायदा आहे की, असं कोणीही म्हणेल. आहे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम 92 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून, मानहानीच्या हेतूने अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यातली एक याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची होती, पापण्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून त्यांचं केवायसी अडत होतं. तो निकाल मी मोठ्या उत्साहाने ग्रुपवर टाकला, तर उत्तर आलं, "कोर्टाची धमकी देता का काकाजी?" झालं, पाण्याची एक ओळ राहिली बाजूला. आणि पोलिसांत कोण जाणार? त्याच लिफ्टमध्ये त्याच माणसांसोबत रोज पाच मजले चढायचे आहेत.

मला खरं लागलं ते वेगळंच. त्याच दोन दिवसांत तिघांचे मला खासगीत मेसेज आले. "तुमचं बरोबर आहे जी." "लोकांना कळत नाही, मनावर घेऊ नका." "मी बोललो असतो, पण त्यांच्याशी रोजचं भेटणं आहे." तिघंही भली माणसं, खोटं नाही बोलत. दिवाळीला फराळ घरी येतो त्यांचा. पण त्या ग्रुपवर सव्वाशे जण आहेत, आणि तिथे माझ्या विरोधात चार आणि माझ्या बाजूने शून्य एवढंच सगळ्यांना दिसलं. उरलेल्यांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. टोमणे मारणाऱ्या चौघांवर मी फारसा चिडलेलो नाही. त्यांना मी ओळखतो, ते पार्किंगवरूनही असेच बोलतात. रोजचं भेटणं मलाही आहेच की!

त्या तिघांतल्या एकाला, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, मी सरळ म्हटलं, "भाऊ, हेच तिथे लिहा ना." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा पाण्याचीच नोटीस आली, पुन्हा फोटोत. खाली त्यांचा मेसेज : "उद्या सकाळी 10 ते 5 पाणी बंद. टाइप करायला मला अकरा सेकंद लागले, घड्याळ लावून पाहिलं." त्यावर कोणी हसलं नाही. एका वहिनींनी लिहिलं, त्यांच्या सासूबाईंनाही फोटोतलं बारीक वाचता येत नाही, ओळ टाइप केलेली बरी पडते. सासूबाई चौथ्या मजल्यावर राहतात, मला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं.

आता कधी ओळ येते, कधी येत नाही. सुप्रभातची फुलं मात्र रोज येतात. त्यांच्याखाली कोणी काही टाइप करावं अशी माझी अपेक्षा नाही, ती न कळण्यातच सुख आहे.

जाता जाता एक तक्रार आपल्याकडेही. आपला ई-पेपर माझ्या फोनला निव्वळ चित्र म्हणून दिसतो, वेबसाइटवरच्या बातम्या मात्र छान वाचता येतात. हे पत्र छापायचं ठरलं तर वेबसाइटवरही टाकावं, म्हणजे मला ते स्वतः ऐकता येईल. नाहीतर बायको वाचून दाखवेल, पण मी रात्री अकरा वाजता लिहिलेलं ते वाक्य तिला अजून ठाऊक नाही. नाव कृपया छापू नये. सोसायटीत आपला पेपर सात घरी येतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर