जुने संगणक मोडीत कशाला?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्याने जुने संगणक बदलावेच लागतील, असे सांगणारा लेख वाचला. तो पटला नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते, ती नाही म्हणून धडधाकट यंत्र भंगारात का घालायचे? आमच्या वाचनालयातील अशा दोन संगणकांवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत, खुली प्रणाली टाकली. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्येच मिळाला. प्रिंटरने मात्र दीड दिवस रडवले, हेही सांगायला हवे.

लेखातील दुसरा मुद्दा, लिनक्सचा सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ संहिता) सर्वांना खुला म्हणजे चोरांनाही खुला. मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण आठवावे. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो हुडकला. गंमत म्हणजे, ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! कोड उघडा होता म्हणूनच त्यांना मुळापर्यंत जाता आले. बंद प्रणालीत बाहेरच्या माणसाला कंपनी सांगेल तेवढेच कळते.

केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. आपल्या शाळांत प्लास्टिकच्या आच्छादनाखाली धूळ खात पडलेल्या संगणकांवर हा प्रयोग करायला नवी खरेदी लागत नाही. एक पेनड्राइव्ह आणि एक रिकामी दुपार पुरते.

– एक वाचक, सातारा