सीएल३० सांगून सीएल४० रॅम पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गेमिंग संगणकासाठी मागवलेल्या ३२ जीबी डीडीआर५ रॅमऐवजी कमी दर्जाचा जोड पाठवल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. आपल्या संकेतस्थळावरून मी १६ जीबीच्या दोन स्टिकचा जोड मागवला होता : डीडीआर५, वेग ६०००, लेटन्सी (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतची वाट, आकडा लहान तितकी कमी) सीएल३०, एक्स्पो प्रोफाइलसह, म्हणजे एएमडी प्रोसेसरसाठी रॅममध्येच भरलेल्या तयार सेटिंगसह. पाचव्या दिवशी घरी आला तो ६००० सीएल४०चा, आणि एक्स्पोऐवजी फक्त एक्सएमपी, म्हणजे इंटेलच्या पद्धतीचे प्रोफाइल असलेला. बिलावर आणि खोक्यावर 'डीडीआर५ ३२ जीबी ६०००' एवढेच छापलेले आहे. खरा प्रकार कळला तो खोके उघडून स्टिकवरच्या बारीक लेबलवर '४०-४०-४०-७७' वाचल्यावर; त्यातला पहिला आकडा म्हणजे सीएल.

चूक कोणाच्याही हातून होते, ती मी समजू शकतो. पण त्यानंतर सतरा दिवस आपल्या प्रतिनिधींनी जी उत्तरे दिली, त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे.

पहिले उत्तर असे : "सर, स्पीड सहा हजारच आहे ना? मग फरक काय?"

फरक सांगतो. डीडीआर मेमरी एका क्लॉकमध्ये (ठोक्यात) दोनदा डेटा पाठवते, म्हणून ६०००च्या रॅमचा खरा क्लॉक ३००० मेगाहर्ट्झ असतो आणि एक क्लॉक एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा. सीएल३० म्हणजे तीस क्लॉकची वाट, म्हणजे १० नॅनोसेकंद. सीएल४० म्हणजे १३.३. माझ्या मित्राकडची जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६ रॅमसुद्धा याच हिशेबाने १० नॅनोसेकंदांत पहिला डेटा देते. बँडविड्थमध्ये, म्हणजे एका सेकंदात किती डेटा जातो यात, नवी रॅम अर्थातच पुढे आहे, पण नुसता मोठा आकडा बघून रॅम घेऊ नये ते यासाठीच.

हा जोड निवडायला मला तीन आठवडे लागले. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड आहे. आधी ४८०० सीएल४०ची एकच १६ जीबी स्टिक होती, म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच मार्ग. तशीच दुसरी स्टिक घेऊन ड्युअल चॅनल करता आले असते, पण वाट बघणे तेच राहिले असते, १६.७ नॅनोसेकंद. चारही स्लॉट भरले, तर या प्रोसेसरला अधिकृत वेग ३६००च मिळतो. ७२००ची रॅम घेतली, तर प्रोसेसरमधला, रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर सहसा अर्ध्या वेगावर उतरतो आणि खेळात हाती फारसे काही लागत नाही. म्हणून ६००० सीएल३०. शिवाय ७८००एक्स३डीसारख्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) असते, माझ्याकडे ३२ एमबी आहे. कॅश लहान असली की प्रोसेसरला पुन्हा पुन्हा रॅमकडे धाव घ्यावी लागते, त्यामुळे लेटन्सी मला जास्त जाणवते. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, सरासरीत फरक थोडाच पडतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. फटका बसतो तो सगळ्यात संथ अशा एक टक्का फ्रेमना. धूर, स्फोट, चार-पाच खेळाडू एकदम समोर, आणि नेमके तेव्हाच चित्र अडखळते. मी जास्तीचे १,४०० रुपये मोजले ते त्या क्षणासाठी. ते ओव्हरटाइमचे पैसे आहेत.

आमच्या खात्यात शाफ्टचा व्यास बरोबर आला आणि रनआउट (फिरताना होणारी डगमग) मर्यादेबाहेर गेला, तर तो जॉब रिजेक्ट होतो. "व्यास तर बरोबर आहे ना?" असे गिऱ्हाइकाला कोणी म्हणत नाही.

दुसरे उत्तर त्याहून वाईट होते. "बायोसमध्ये जाऊन हाताने ३० टाका." तेही केले. स्क्रीन काळी. माझ्यासारखे एएम५ बोर्ड मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे सुरू होताना रॅम जुळवून घ्यायला, वेळ घेतात म्हणून वीस मिनिटे थांबलो. शेवटी बोर्डावरचा सेल काढून सेटिंग पुसावे लागले. सीएल ३६वर विंडोज सुरू झाले, पण रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामच्या पहिल्याच फेरीत चुका दिसल्या. माझ्या बोर्डाचा दोष नको म्हणून एम. जी. रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे त्याच्या बोर्डावर लावून पाहिले. तिथेही तेच. चिपा चाचणीत निवडल्या जातात, कमी लेटन्सीला टिकणाऱ्या वेगळ्या काढून महाग विकल्या जातात. आकडा बदलल्याने चिप बदलत नाही. आणि चुका देणारी मेमरी नुसता खेळ बंद पाडत नाही, साठवलेल्या फायलीही खराब करू शकते. माझा धाकटा भाऊ याच मशिनवर कॅडचे (संगणकावर ड्रॉइंग काढायचे) काम शिकतो. असा सल्ला आपण ग्राहकाला देता कसा?

तिसरे उत्तर : "उघडलेला माल परत घेत नाही." न उघडता लेबल वाचायचे कसे? ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. मला ती सहाव्या दिवशी मिळाली.

आता आपण पैसे परत देऊ म्हणता. मधल्या काळात तोच सीएल३०चा जोड आपल्याच पानावर बराच महाग झाला आहे. जुन्या किमतीचे पैसे घेऊन मी तो आणू कुठून? मला परतावा नको. मी ज्याचे पैसे दिले तो ६००० सीएल३०, एक्स्पो असलेला जोड त्याच किमतीत हवा, आणि परत पाठवण्याचा खर्च आपण सोसावा. उत्पादनाच्या पानावर, खोक्यावर आणि बिलावर लेटन्सी स्पष्ट लिहावी, म्हणजे दुसऱ्या कोणाची अशी फसगत होणार नाही.

नियमाप्रमाणे निवारणासाठी एक महिना असतो, त्यातले सतरा दिवस गेले आहेत. उरलेल्या दिवसांत बदली माल आला नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी दाद मागता येते, तेव्हा आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याची अडचण मला नाही.

सोबत आपल्या पानाचा ऑर्डरच्या दिवशीचा स्क्रीनशॉट, बिल, स्टिकवरच्या लेबलचे फोटो आणि सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममधले रॅमचे टायमिंग जोडले आहेत. दोन्ही स्टिक काढून खोक्यात जपून ठेवल्या आहेत. कुरिअरवाला कधी येणार तेवढे कळवावे. माझी या आठवड्यात रात्रपाळी आहे, दिवसा घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक, नाशिक