शाळेच्या परसबागेला हवी आहे टाकी, ठिबक आणि तुमचे दोन रविवार

सप्रेम नमस्कार,

आमची शाळा सोलापूरच्या हद्दवाढ भागातली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, अशी बहुतेक मुलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी मध्यरात्री. अशा ठिकाणी गेल्या वर्षी आम्ही परसबाग केली आणि तिला मातीतला ओलावा सांगणारे सेन्सर लावले, तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी कपाळाला हात लावला. ‘प्यायला पाणी नाही आणि मेथीला काँप्युटर?’ पाणी नाही म्हणूनच तो लागतो, एवढंच आमचं म्हणणं आहे. ते पटत असेल तर पुढचं वाचा.

आधी गेल्या वर्षीची हकीकत, फजितीसकट.

सातवी-आठवीच्या मुलांनी तीन वाफे केले. बादलीनं पाणी घालायचे तेव्हा एक वाफा चिखल, दुसरा कोरडा ठाक. मग विज्ञानाच्या बाईंनी मातीतला ओलावा मोजणारे स्वस्त सेन्सर मागवले, उघड्या धातूच्या दोन काट्यांचे. महिन्याभरात ते गंजून गेले. दुसऱ्या खेपेला कपॅसिटिव्ह आणले. त्यांचा धातू मातीला लागत नाही, म्हणून ते टिकतात. मुलांनी एका डब्यात कोरडी माती घेतली, दुसऱ्यात भिजवलेली, दोन्हींत सेन्सर खोचून आकडे वहीत उतरवले आणि मधल्या कोणत्या आकड्याला मोटारीनं आपोआप पाणी सोडायचं ते भांडून ठरवलं. काळ्या मातीचा आकडा मुरमाड मातीला चालत नाही, हा शोधही त्यांचाच.

मग तो शनिवार आला. काळी माती उन्हानं भेगाळली आणि सेन्सर भेगेत उघडा पडला. हवेत लोंबणारा सेन्सर ‘माती कोरडी’ असंच सांगणार. मोटार चालू झाली ती बंद होईना. सोमवारी शाळेची एकुलती एक टाकी रिकामी, स्वच्छतागृहात थेंब नाही आणि वाफ्यात तळं. मुख्याध्यापक जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं प्रोग्राममध्ये दोन अटी घातल्या: मोटार एका दमात २० मिनिटांच्या वर चालणार नाही आणि दिवसातून दोनदाच चालेल. तेव्हापासून तळं झालेलं नाही.

दुसरा धडा बाजाराचा. मुलांनी हौसेनं मेथी लावली आणि शाळेच्या फाटकाशी विकायला बसली. दुपारी कारखान्यात विड्या जमा करून परतणाऱ्या आया थांबायच्या, जुडी हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, ‘पुंटीकूर नाही का?’ इथल्या तेलुगू घरांत अंबाडीला पुंटीकूर म्हणतात, तिच्यावाचून त्यांचं चालत नाही. मेथी निम्मी सुकली. पुढच्या खेपेला पोरांनी आधी तीस घरं फिरून कोणाला काय हवं ते लिहून आणलं, मग बी टाकलं. अंबाडी हातोहात गेली, शिवाय तिला पाणीही बेताचंच लागतं. हिशेबाच्या वहीत मात्र नफा फुगलेला दिसत होता, कारण बियाणं मांडलं होतं, खत फुकट मिळालं म्हणून सोडलं होतं आणि स्वतःची मजुरी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. आता ते तिन्ही रकाने आखले आहेत.

यंदा बाग वाढवायची आहे आणि जोडीला रोपवाटिका, म्हणजे मिरची-वांग्याची रोपं ट्रेमध्ये वाढवून विकायची. शाळेच्या टाकीला पुन्हा हात लावायची आमची हिंमत नाही. म्हणून बागेची वेगळी टाकी हवी, छपराचं पाणी तिच्यात उतरवायचं. आमचं छप्पर साधारण १५० चौरस मीटर आहे, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की १५० लिटर. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या जिल्ह्यात हे गणित मुलांनी फळ्यावर सोडवलं, तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. ताशी ४ लिटरचे ६० ड्रिपर, म्हणजे ठिबकची थेंब सोडणारी तोंडं, २० मिनिटं चालले तर ८० लिटर लागतात, बादल्यांनी याच्या दुपटीहून जास्त जायचं.

टाकी आणि स्टँड १६,०००, ठिबक, फिल्टर, व्हॉल्व्ह १४,०००, शेडनेट आणि त्याचा लोखंडी सांगाडा २२,०००, सेन्सर, बोर्ड, छोटा पंप आणि बॅटरी ११,०००, ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बियाणं ५,०००. एकूण ६८,००० रुपये. पालक आणि माजी विद्यार्थ्यांकडून २१,५०० जमले, ४६,५०० कमी पडतात. सगळ्यात महाग सेन्सर असतील असं वाटलं होतं, निघाला सांगाडा. शहरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्यानं तो भंगाराच्या पाइपातून उभा करून दिला तर आकडा बराच खाली येईल.

पैसेच हवेत असं नाही. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग काढलेल्या शेतकऱ्यांच्या बांधावर लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, भेंडोळी पडून असतात, ती द्या. क्षारानं तोंडं बुजलेली असली तरी चालतील, ड्रिपर नवे बसवू. उसाचं पाचट हवं, आच्छादनाला; त्यानं मातीच्या भेगाही कमी पडतील. शेणखताची एक ट्रॉली. आणि महिन्यातून एक शनिवार देणारा इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा इंजिनिअरिंग विद्यार्थी, ज्याला पोरांचे प्रश्न झेपतील. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या वेशीवर आहे, तिथं मुलांना न्यायचं आहे. एक दिवस गाडी देणारं कुणी असेल तर सांगा.

शोभेच्या कुंड्या नकोत. उद्घाटन नाही, डिजिटल फलकही लावणार नाही. देणगीदाराचं नाव आणि रक्कम हिशेबाच्या वहीत राहील, खर्चाच्या पावत्या दर महिन्याला सूचनाफलकावर लागतील.

मे महिन्यातले शेवटचे दोन रविवार श्रमदान आहे, सकाळी साडेसहा ते नऊ, कारण नंतर ऊन उभं राहू देत नाही. सिद्धेश्वर तलाव सिद्धरामेश्वरांनी श्रमदानातून खोदवून घेतला, असं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आपण लेकरांना सांगतो. आम्हाला फक्त चार वाफे आणि टाकीचा ओटा करायचा आहे. टिकाव-फावडं घरचं आणा, चहा आणि शेंगाचटणी-भाकरी समितीकडून.

देणगी धनादेशानं किंवा रोख, शाळेच्या कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. सुटीतही सकाळी ८ ते ११ कार्यालय उघडं आहे. १५ जूनला शाळा भरते. मृगाचा पहिला पाऊस त्याआधी आला तर तो छपरावरून गटारात जाऊ नये, म्हणून टाकी ७ जूनपूर्वी बसवायची आहे.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती आणि माजी विद्यार्थी