गठ्ठ्याला सुतळी हवी

चि. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी जेवायला बसल्या तेव्हा तुझा अंगठा फोनवर, मुलांनी पाठवलेल्या वह्यांच्या फोटोंवर चालूच होता. विचारलं तर म्हणालीस, "बाराच वह्या राहिल्यात गं." त्या बारा संपेपर्यंत आणखी नऊ आल्या. घरी सगळ्यांना तुझा राग आला, मला त्या वह्यांचा आला. आमच्या गठ्ठ्याला सुतळी असायची. सोडली की तपासणी सुरू, शेवटचा पेपर उलटला की परत गाठ मारून कपाटावर. तुझ्या गठ्ठ्याला तळच नाही.

आधी हिशेब करू. तुझ्या चार बॅच, प्रत्येकीत पंचेचाळीस मुलं, म्हणजे १८० वह्या. एका वहीला पाच मिनिटं धरली तर ९०० मिनिटं, पंधरा तास. आठवड्याला दोन गृहपाठ देतेस, म्हणजे तीस तास नुसती तपासणी, शिकवणं वेगळंच. अगं, गणिताची बाई ना तू? हा गुणाकार गृहपाठ देण्याआधी करायचा.

माझी एक फजिती तुला कधी सांगितली नाही. सहामाहीचे पेपर होते, तू तेव्हा बालवाडीत होतीस. दुपारी अर्धा गठ्ठा केला, तुला झोपवून उरलेला रात्री एकपर्यंत. वाटप झाल्यावर मागच्या बाकावरचे दोघे टेबलाशी आले. प्रमेयाच्या एकाच उत्तराला एकाला चार गुण होते, दुसऱ्याला दोन. "बाई, आम्ही एकमेकांचंच बघून लिहिलंय, मग गुण वेगळे कसे?" कॉपी केल्याबद्दल रागवायचं की आपली चूक कबूल करायची, मला कळेना! एकाचा पेपर दुपारचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा. त्यानंतर जेवणं झाल्यावर लाल पेन हातात धरलं नाही. निकालपत्रकं उशिरा गेली तेव्हा मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली, ती परवडली.

तेव्हापासून मी आडवी तपासायला लागले. सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. डोक्यात एकच उत्तर बसतं, हात भरभर चालतो आणि हुशार पोराचं नाव बघून नकळत अर्धा गुण जास्त जात नाही. पहिले पाच पेपर मात्र शेवटी पुन्हा बघायचे. सुरुवातीला आपण फार कडक असतो.

आता तुझं वर्गसमीकरणांचं प्रकरण घे. 'बी'ची किंमत ऋण ५ असली की सूत्रातल्या 'वजा बी'मुळे ती धन ५ व्हायला हवी, तिथे तीसेक मुलं घसरणारच. ते तू तीस वह्यांत तीसदा लिहीत बसतेस. वहीवर नुसती खूण कर आणि दुसऱ्या दिवशी तासाला सगळ्यांसमोर एकदाच सोडवून दाखव. जे मोजक्यांचंच चुकलंय, त्याच्यावर वेळ घाल. ज्या गुगल क्लासरूमवर मुलं तुला गृहपाठ पाठवतात, तिथेच नेहमीचे शेरे साठवून ठेवता येतात, हे मला शेजारच्या बाईंनी दाखवलं. तू ते वापरत नाहीस याचं नवल वाटलं.

रोजचा सराव गुगलच्या ऑनलाइन फॉर्मवर घे, यंत्र तपासेल. पण यंत्राला शेवटचं उत्तर तेवढं दिसतं. बोर्डाच्या चाळीस गुणांच्या पेपरात पायरीला गुण असतात, आणि पायऱ्या माणसालाच वाचाव्या लागतात. म्हणून आठवड्याला एकच गृहपाठ हाताने तपास, तोही पाच-सहा उदाहरणांचाच.

शेऱ्यांचं आणखी एक. तू रात्र जागून चार ओळी लिहितेस आणि मूल गुण बघून वही मिटतं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला होता, १९८८ साली तो छापून आला. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही दिले, तिथे शेऱ्याचा फायदा उरला नाही. गृहपाठाला गुण देऊच नकोस, एखादं वाक्य लिही. चाचणीला गुण दे आणि तिथे लिहीत बसू नकोस. पालक कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि ते आडवे, अंधारात काढलेले फोटो! अर्धा वेळ तू मान वाकडी करून आकडे शोधत असतेस. असा फोटो न तपासता परत पाठव. दोनदा परत गेला की पोरं आपोआप खिडकीशी वही धरतात.

राहिली सुतळी. मुदत संपल्यावर वही घेणं बंद करता येतं म्हणतात. ते बटण दाब. रविवारी रात्री आठपर्यंत आलेल्या वह्या तुझ्या, नंतरच्या पुढच्या आठवड्याच्या. तपासायची ती लॅपटॉपवर, टेबलाशी बसून. फोनवरून क्लासरूम काढूनच टाक. एखाद्याच्या घरी खरीच अडचण असेल, एकच फोन चौघांत असेल, त्याला सवलत दे. तेवढी मुलं तुला नावानिशी माहीत असतीलच.

दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा मुलांना आत्ताच कळव. धनत्रयोदशी ते भाऊबीज वह्या घेणार नाही, असं स्पष्ट लिही. चकलीची भाजणी मी दळून ठेवते, सोऱ्या फिरवायला मात्र तुझे दोन्ही हात लागतील.

तुझी,
आई