शाळेमागचे ऐन तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शाळेच्या नव्या क्रीडांगणाची बातमी वाचली. 'मागील झाडझुडपे साफ करून' एवढं लिहून तुमचे प्रतिनिधी लगेच रबरी मॅट आणि प्लास्टिकच्या घसरगुंडीकडे वळले. ती झाडझुडपं म्हणजे जुने ऐन आणि करवंदीच्या जाळ्या. त्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं आहे. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

त्या ऐनांखालून रोज मधल्या सुट्टीत एसटी सुटायची. वादळात मोडून पडलेली फांदी ही गाडी. करवंदीच्या जाळीपाशी दापोली स्टँड आणि पलीकडच्या कातळावर हर्णै. तिसरीतला एक मुलगा कंडक्टर असायचा. वर्गात हा तोंड उघडत नसे, पाटीवर वजाबाकी आली की डोळे भरायचे. तिथे मात्र दप्तर गळ्यात अडकवून "पुढे सरका, पुढे सरका" असा ओरडायचा. ऐनाचं पान नखाने टोचलं की झालं तिकीट. सात चिंचोके भाडं. कुणी दहा दिले की तीन परत. कधी एक चिंचोका इकडचा तिकडे झाला नाही. मी आठवडाभर बांधावरून बघत होते. मग वर्गातही त्याच्याकडे तिकिटंच मागायला लागले, आणि त्याची वजाबाकी सुटली. पान टोचताना तो जीभ बाहेर काढायचा, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता म्हणतात, तिथे साप निघतात. निघतात ना, कोकणात फुरसं कुठे नाही? आम्ही मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायचो, चिऱ्यांच्या फटीत हात घालायचा नाही, पाचोळ्यात काठी आपटत चालायचं, खाजकुइलीच्या शेंगेला हात लावायचा नाही. मुलं ऐकायची. एकमेकांना बजावायची. अकरा वर्षांत करवंदीचे काटे आणि फुटलेले गुडघे, यापलीकडे काही झालं नाही.

कुंपण हवंच. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ते आहे, तसं खेळाचं मैदानही आहे. त्यासाठी उभी झाडं तोडा, असं कुठे लिहिलंय ते संबंधितांनी दाखवावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरवली. डी.एड.ला आम्ही सगळ्यांनी 'कुरणशाळा' या विषयावर टिपा लिहून मार्क मिळवले. आणि झाडं तोडायचा ठराव आला तेव्हा त्यातला एकही शिक्षक बोलला नाही, याचा मला फार संताप येतो.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या पुरवणीतलं मुलांच्या चित्रांचं पान तुम्ही न सांगता बंद केलंत. माझ्या नातीने पोस्टाने चित्र पाठवलं होतं, त्याची साधी पोचही आली नाही. ती अजून दर रविवारी पुरवणी उलटून बघते.

बोअरिंगच्या बाजूचे दोन ऐन अजून उभे आहेत. परवा जाऊन आले, दोन्ही खोडांवर लाल रंगाने आकडे घातलेत. गुरुवारी ग्रामसभा आहे. हे पत्र त्याआधी, बुधवारच्या अंकात छापावं ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दापोली तालुका