बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि लग्न मेमध्येच आहे

लीहाय, युटा
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना,
सा. न.

सकाळी फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. ते "बरं" मला चांगलं ओळखू येतं. बारावीनंतर पुण्याला जाते म्हटलं तेव्हाही तेच आलं होतं, आणि पुढे आठ दिवस घरात भाजीला मीठ कमी पडत होतं. फोनवर मी ओरडायला लागते, म्हणून लिहितेय.

आधी निकाल सांगून टाकते. मी त्याच्या मॉर्मन चर्चचा बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेणारही नाही. लग्न मात्र त्याच्याशीच करणार आहे, मेमध्ये. दोन्ही ठरलंय. चर्चा करा, पण ठरलंय हे धरून करा. वरच्या काकूंनी पुन्हा "पोरगी बाटली का हो" विचारलं तर त्यांना सांग, आई, की पोरगी अजून शनिवारी साबुदाणा भिजवते. उपास नसला तरी.

बाबा, तुमचा प्रश्न होता, एवढा शिकलेला मुलगा हे मानतो तरी कसं? वर्षभर मी त्याला हेच विचारत होते, जरा बऱ्या शब्दांत. खरं सांगू का, त्यांचा दावा मोघम नाही. जोसेफ स्मिथ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, त्यांच्या चर्चचा संस्थापक, न्यूयॉर्क राज्यातलं पामायरा गाव, १८२० साली रानात देवदर्शन, १८२७ मध्ये टेकडीतून काढलेले सोन्याचे पत्रे, त्यांचं भाषांतर म्हणून १८३० मध्ये छापलेलं पुस्तक, 'बुक ऑफ मॉर्मन'. मी राहते त्या लीहायचं नावसुद्धा त्याच पुस्तकातल्या एका संदेष्ट्याचं. साल आहे, गाव आहे, साक्षीदारांची नावं आहेत, छापखानासुद्धा आहे. ज्याला साल आहे ते तपासता येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग मी तपासायला बसले. दर रविवारी तो चर्चमधून आला की आमचं स्वयंपाकघराच्या टेबलावर सुरू व्हायचं.

पहिलं भांडण दर्शनावरूनच झालं. स्मिथनं १८३२ मध्ये लिहिलेल्या हकिकतीत दर्शन एका प्रभूचं आहे. १८३८ च्या हकिकतीत, जी आता त्यांच्या धर्मग्रंथात आहे, पिता आणि पुत्र असे दोघे येतात. (कागद लपवलेले नाहीत, चर्चनं स्वतःच प्रसिद्ध केलेत, हे मान्य करायला हवं.) मी म्हटलं, देव एक दिसला की दोन, हे माणूस विसरेल का? त्यावर त्यानं काय काढावं? तुमचा कोयनेचा भूकंप! "तुझे बाबा व्हिडिओ कॉलवर मला ही गोष्ट तीनदा सांगून झाले. एकदा म्हशीनं आधीच दावं तोडलं होतं, एकदा आजीला आधी जाग आली, एकदा म्हैस नव्हतीच. म्हणून १९६७ साली भूकंप झाला नाही का?"

मी दोन मिनिटं गप्प. मग म्हटलं, भूकंपाला पडकी भिंत आहे, सरकारी नोंद आहे, अख्खं खोरं साक्षीला आहे. रानातल्या त्या सकाळी बाकी नुसती झाडं होती. तो हसला. पण आता तुम्ही म्हशीचं एकदा काय ते नक्की करा.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला स्मिथ आणि त्याच्या लोकांनी फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून २,४०० डॉलरला इजिप्शियन ममी आणि पपायरस, म्हणजे तिकडचे लव्हाळ्याचे जुने कागद, घेतले. त्यावर बायबलमधल्या अब्राहामाचं स्वतःचं लिखाण आहे म्हणून त्यानं भाषांतरही केलं, आणि ते आजही धर्मग्रंथ आहे. पपायरस जळाले असंच सगळे धरून होते. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काही तुकडे सापडले आणि पुढच्या वर्षी चर्चला मिळाले. वाचणाऱ्यांनी वाचले, तर होर नावाच्या पुजाऱ्याच्या प्रेताबरोबर ठेवायचे मंत्र. अब्राहामाचा पत्ता नाही. तुकड्यांवरची अक्षरं आणि अब्राहामाचा मजकूर जुळत नाहीत, हे चर्चनंही २०१४ मध्ये लिहून मान्य केलं. त्याचं म्हणणं, मूळ गुंडाळी हरवली असेल, किंवा पपायरस निमित्तमात्र असेल आणि शब्द थेट देवाकडून आले असतील. मी विचारलं, मग या तुकड्यांवर काय निघालं असतं तर तू म्हणाला असतास की हे चुकलं? त्या रविवारी उत्तर आलं नाही. भांडी त्यानं घासली.

पण बाबा, सगळं माझ्याच बाजूचं नाही. पत्रे पाहिले अशी सही देणारे जे तिघे, त्यातला डेव्हिड व्हिटमर १८३८ मध्ये चर्चमधून बाहेर पडला तो पुन्हा गेलाच नाही. स्मिथवर त्याचा राग होता. पण १८८८ मध्ये मरेपर्यंत म्हणत राहिला, पत्रे मी पाहिलेत. खोटं असतं तर सांगून टाकायला त्याला पन्नास वर्षं होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर मला लिहा, त्याला नको.

हो, आणि तुम्ही विचारलं होतं की संदेष्टा, म्हणजे त्यांच्या चर्चचा प्रमुख, निवडतात कसा. सेवाज्येष्ठतेनं! तुमच्या कॉलेजात विभागप्रमुख व्हायचे तसं. २०२५ मध्ये रसेल नेल्सन १०१ वर्षांचे होऊन गेले, हाडाचे हार्ट सर्जन, तुमच्या कामाचे. मग रांगेत पुढचे ओक्स आले, ते पूर्वीचे न्यायाधीश.

आता आई, तुझ्यासाठी. त्यांच्याकडे शेवटचा पुरावा कागद नाही. पुस्तक वाचा, खऱ्या मनानं देवाला विचारा, तो कळवेल, असं पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. ते मी केलं. तुझी मुलगी जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ, पलंगाशी गुडघे टेकून बसली. खऱ्या मनानं. फ्रिजची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. चर्चच्या दोन गोड मुली यायच्या, त्या म्हणाल्या, पुन्हा विचार. बाबा प्रॅक्टिकलला मुलांवर कशावरून ओरडायचे आठवतं ना? हवं ते रीडिंग येईपर्यंत प्रयोग, आणि नको ते वहीतच नाही. तिथं मी थांबले.

यावरून तुझ्या पोथीकडे बोट जातं असं तुला वाटेल, म्हणूनच तू गप्प झालीस का? बाबांच्या बायपासच्या रात्री कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून तू एकवीस अध्याय वाचलेस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून होते, तिसाव्या वर्षी, आणि तू वाचता वाचता माझ्या केसांतून हात फिरवत होतीस. सकाळी तू म्हणालीस प्रचिती आली, बाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले ती सर्जनला आली. पण ती प्रचिती घेऊन तू कुणाच्या दारात गेली नाहीस, की मलाही कधी पोथीवर सही मागितली नाहीस. मला त्या रात्रीबद्दल कुठलाही पपायरस तपासायचा नाही.

आता त्याच्याकडून काय गेलंय तेही ऐका. त्यांच्यात नवरा-बायको मेल्यानंतरही एकत्र राहतात, पण लग्न मंदिरात लागलं तरच, आणि मंदिरात फक्त त्यांचे पास मिळालेले सभासद. मी बाप्तिस्मा घेऊन तिथं लग्न केलं असतं तर तुम्ही दोघं बाहेर वेटिंग रूममध्ये बसला असता. हे कळलं त्या दिवशी माझा अर्धा निर्णय झाला होता. उरलेला अर्धा त्याच्या आईच्या रडण्यानं अवघड केला. आपला मुलगा पुढच्या लोकी एकटा पडणार, हे ती खरंच मानते. आणि तरी लग्न तिच्या परसात ठेवूया असं तीच म्हणाली.

मुलांचं काय, हे विचारू नका. त्यांच्यात आठव्या वर्षी बाप्तिस्मा असतो, आणि आमचं त्यावर अजून भांडण आहे.

तुमची सोय सगळी लागलीय. खालची खोली, जिना नाही, बाथरूम शेजारी, मी दांडी बसवून घेतलीय. चहा त्यांच्या धर्मात चालत नाही, पण त्याच्या आईनं मला विचारून चहाची पूड आणि गाळणी आणून ठेवलीय. गाळणी पिठाची आणलीय, पण तिला काही बोलू नकोस. आलं मी देईन. स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं देऊळ आहे, अर्ध्या तासावर, पाहिजे तेव्हा नेईन.

आता नीट ऐका. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, पाकिटासकट, चिठ्ठीसह. डबीत काढून आणायच्या नाहीत. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची, बाबा, लाज वाटली तरी. दर दोन तासांनी उठून चालायचं. हापूस आणू नका, कस्टमवाले काढून घेतात आणि मग आईला रात्रभर झोप येत नाही. लाडू चालतील. त्याच्या वडिलांशी पपायरसवर बोलायचं नाही. कोयनेचा भूकंप मात्र त्यांना जरूर सांगा, ते वाट बघतायत.

तुमची,
चिमी

ता. क. आई, अंतरपाट नवा घेऊ नकोस. तुमच्या लग्नातला आण, हळदीचा डाग पडलेला. आणि धुऊ नकोस.